पर्जन्याचे मूळ आणि मापकांची साक्ष

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराचे वर्णन चालू असताना एका साध्या वस्तूचा उल्लेख येतो. धान्याच्या कोठारापाशी एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे, अशी तेथे आज्ञा आहे. पुढे सीताध्यक्षाच्या प्रकरणात निरनिराळ्या देशांच्या पावसाचे मान द्रोणांत सांगितले आहे. जांगल देशाचे अमुक, अवंतीचे अमुक, अश्मकाचे त्याहून कमी. आणि अपरांताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा, पाऊस मात्र ग्रंथकाराने मापाबाहेरचा म्हणून सोडून दिला आहे. अश्मक हा गोदावरीच्या मध्यखोऱ्यातील प्रदेश. त्याची राजधानी आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील बोधन येथे असावी असे अनेक संशोधक मानतात. तेथून गोदावरी ओलांडून उत्तरेस गेले की जुना आदिलाबाद जिल्हा लागतो. म्हणजे ज्या प्रकरणात आपल्या कोकणाचा अमाप पाऊस आला आहे, त्याच प्रकरणात आदिलाबादच्या शेजारचा मोजका पाऊसही आला आहे. दोन हजार वर्षांनंतरही या दोन प्रदेशांना बांधणारा धागा तोच आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची कुलदैवते समुद्रकाठी आहेत. आदिलाबाद त्यांना दूरचे वाटेल. पण बासरच्या सरस्वतीच्या दर्शनास गेलेल्यांस तो मुलूख अपरिचित नाही. २०१६ साली त्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बासर निर्मल जिल्ह्यात गेले, आणि आदिलाबाद हे नाव पैनगंगेच्या दक्षिणतीरी विदर्भाला खेटून असलेल्या भागाकडे राहिले. जैनथ, बेला या बाजूला मराठी, तेलुगू आणि गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. जमीन काळी, पीक कापसाचे, तुरीचे, सोयाबीनचे. मृग नक्षत्र लागले की शेतकरी आभाळाकडे पाहतो. पहिल्या सरीवर भरवसा ठेवून त्याने सरकी टोबली आणि पुढे पंधरा दिवस पावसाने पाठ फिरविली, तर दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बियाणे आणि बहुधा दुसऱ्यांदा कर्ज.

त्याच्या शेतावर पडणारे पाणी येते कोठून? ‘समुद्रातून’ हे उत्तर लहान मूलही देईल. पण कोणत्या समुद्रातून, किती आणि कोणत्या वाटेने, असे विचारले की प्रश्न एकदम बिकट होतो. पडलेला पाऊस कुंडात मोजता येतो. समुद्रावरून वर चढणारी वाफ कोणत्याही कुंडात सापडत नाही. वैदिक ऋषींनी वरुणाची स्तुती करताना समुद्रावरील नौकेची वाट आणि वाऱ्याचा मार्ग त्याला ठाऊक असतो असे म्हटले, आणि त्याच वरुणाला मनुष्यांच्या सत्यासत्याचा साक्षीही केले. समुद्राचा अधिपती आणि साक्षीचा अधिपती एकच असावा, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते. कारण समुद्र व आकाश यांच्या देवघेवीचा इतिहास हा मुख्यत्वेकरून साक्षीपुराव्याचा इतिहास आहे. आपल्या भाषेत ‘प्रमाण’ या एकाच शब्दाने मापही सांगितले जाते आणि पुरावाही. हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, हेच पुढील हकिगतीवरून दिसून येईल.

घंगाळ, बादली आणि नोंदवही

मोसमी वाऱ्यांचा पहिला नामांकित नकाशा इंग्रज ज्योतिषी एडमंड हॅले याने १६८६ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्याने समुद्रातून किती वाफ उठते याचा अंदाज बांधणारा निबंध लिहिला. त्याची रीत मजेदार होती. एका पसरट भांड्यात समुद्राइतके खारे केलेले पाणी घेऊन त्याने ते निखाऱ्यांवर उन्हाळ्यातील हवेइतके ऊन केले, भांडे तराजूला टांगले आणि दोन तासांत वजन किती घटले ते पाहिले. त्या घटीवरून त्याने भूमध्य समुद्रातून दररोज किती पाणी उडून जाते याचा हिशेब मांडला. बंद खोलीत वारा नाही आणि समुद्रावर वारा आहे, हा आपल्या प्रयोगातील उणा भाग त्याला ठाऊक होता व त्याने तो सांगूनही टाकला.

पुढे जहाजांच्या डेकवर पाण्याची घंगाळे ठेवून त्यांतील घट मोजण्याची चाल पडली. परंतु घंगाळ म्हणजे समुद्र नव्हे. त्याची धातूची भिंत उन्हाने तापते; लाटेचे तुषार त्यात पडून पाणी वाढते; जहाज हेलकावले की पाणी सांडते. शिवाय डेकवरची हवा जहाजाच्या अंगाने गरम झालेली असते. या साक्षीदाराने सांगितलेला आकडा तसाच्या तसा स्वीकारणे कोणाही विचारी माणसास शक्य नव्हते. काही हिस्सा वजा करून घ्यावा लागे, आणि तो किती वजा करावयाचा यावरच पंडितांचे वाद होत.

दुसरा मार्ग अप्रत्यक्ष होता. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान, त्यावरच्या हवेतील ओलावा आणि वाऱ्याचा वेग या तीन गोष्टी कळल्या तर वाफेचा अदमास करता येतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रत्यक्षाची जागा अनुमानाने घेतली. यासाठी जगभरच्या जहाजांच्या नोंदी एका नमुन्याच्या असणे जरूर होते. अमेरिकन नौदलाचा अधिकारी मॅथ्यू मॉरी याच्या पुढाकाराने १८५३ साली ब्रुसेल्स येथे दहा राष्ट्रांची परिषद भरली. पोर्तुगालही त्यात होता. जहाजावरील नोंदवहीचा एकच नमुना तेथे ठरला.

पण आपल्या समुद्राची एक अडचण या नोंदवह्यांत शिरलीच. कोकणातील बंदरे ज्येष्ठात बंद होत आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावर उघडत. मोठी शिडाची जहाजेही भर पावसाळ्यात शक्य तोवर अरबी समुद्राच्या खवळलेल्या पट्ट्यातून वाट काढीत नसत. म्हणजे ज्या महिन्यांची साक्ष सर्वांत अधिक हवी, त्याच महिन्यांत साक्षीदार सर्वांत कमी.

इकडे जमिनीवर मात्र काम नेटाने चालले होते. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख झाला, आणि लागलीच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर कोसळला. दुष्काळ कमिशनचा अहवाल १८८० साली आला. पावसाचे भाकीत करणे ही आता राज्यकारभाराची गरज ठरली. ब्लॅनफर्डने हिमालयावरील बर्फाकडे पाहिले. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचा प्रमुख असलेला गिल्बर्ट वॉकर याने पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या वायुभाराच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. दोघांचेही कार्य थोर. पण समुद्र आकाशाला प्रत्यक्ष किती देतो, हा मधला दुवा दोघांच्याही हाती नव्हता.

साक्षीदारांची उलटतपासणी

तीन गोष्टींवरून वाफेचा अदमास करण्याची रीत सोपी दिसते. दोष मापकांत लपलेले असतात. प्रथम समुद्राचे तापमान घ्या. खलाशी बादलीने पाणी वर काढी व त्यात तापमापक बुडवी. बादली लाकडी असताना ठीक होते. पुढे कॅनव्हासची बादली आली. ओल्या मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने या बादलीतले पाणी वर येईपर्यंत अंशाचे काही दशांश थंड होई. वाफेची जहाजे आल्यावर यंत्र थंड ठेवण्यासाठी नळाने आत घेतलेल्या पाण्याचे तापमान घेऊ लागले. ते यंत्रघराच्या उष्णतेने किंचित अधिक दिसे. चार्ल्स ब्रुक्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली एकाच जहाजावर बादली व नळ यांची तुलना करून हा भेद चव्हाट्यावर आणला.

‘काही दशांश’ ऐकून वाचक हसतील. पण उष्ण समुद्रावर अर्ध्या अंशाची चूक झाली तर बाष्पीभवनाच्या हिशेबात दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पडू शकतो. आणि चूक एका जहाजापुरती राहात नाही. जगाच्या समुद्रतापमानाच्या तक्त्यांत १९४५ च्या उत्तरार्धात सुमारे तीन दशांश अंशाची एकाएकी घसरण दिसे, व तिचे कारण अनेक वर्षे कोणास उमगत नव्हते. २००८ साली डेव्हिड थॉम्प्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी तिचा उलगडा केला. महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या, म्हणजे नळाच्या होत्या. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या, म्हणजे बादलीच्या नोंदी पुन्हा वाढल्या. समुद्र होता तसाच होता. साक्षीदार बदलला होता, आणि त्याबरोबर जबानी बदलली होती. कोर्टात असा प्रकार आम्ही कितीदा तरी पाहतो.

वाऱ्याचीही तीच कथा. दीर्घकाळ खलाशी लाटांकडे पाहून ब्यूफोर्टच्या श्रेणीत वाऱ्याचे बळ लिहीत. पुढे डोलकाठीवर वायुवेगमापक चढला. पण जहाजाचे अंग वाऱ्याला वळविते, म्हणून उंच काठीवरचे यंत्रही निर्मळ साक्ष देतेच असे नाही. हवेतील ओलावा कोरड्या व ओल्या तापमापकांच्या जोडीने मोजतात. ओल्या तापमापकाच्या फडक्यावर मीठ बसले की तोही चुकतो. खुद्द समुद्राच्या पाण्यातही मीठ असल्याने ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे दोन टक्के कमी बाष्पदाब देते. हा बारकावा विसरला तरी हिशेब फुगतो.

या अनुमानाला प्रत्यक्षाची जोड देणारी एक रीत विसाव्या शतकाच्या मध्यास पुढे आली. ऑस्ट्रेलियातील स्विनबँक याने १९५१ साली ती सविस्तर मांडली. वारा सरळ वाहात नाही. त्यात असंख्य लहान भोवरे असतात. वर जाणारा भोवरा ओली हवा नेतो, खाली येणारा तुलनेने कोरडी आणतो. वाऱ्याची वरखाली होणारी गती आणि त्याच क्षणीचा ओलावा ही दोन्ही सेकंदास दहा-वीस वेळा मोजली, तर वर किती पाणी गेले हे थेट कळते. आज ध्वनिलहरींवर चालणारे वायुवेगमापक हे काम करतात. जमिनीवर ही रीत उत्तम चालते. जहाजावर मात्र वाऱ्याच्या वरखाली होण्यात जहाजाचे वरखाली होणे मिसळते आणि ते वेगळे काढावे लागते. सारांश, प्रत्यक्षालाही संशोधन लागतेच.

कुलाब्याचा खटला

आपल्या समुद्राची साक्ष प्रथम मोठ्या प्रमाणावर घेतली गेली ती १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. अनेक राष्ट्रांची सुमारे चाळीस जहाजे या महासागरात उतरली, भारताची ‘आय. एन. एस. किस्तना’ त्यांत होती. वातावरणाच्या अभ्यासासाठी १९६३ साली मुंबईस कुलाबा येथे आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले गेले व त्याची शास्त्रीय धुरा हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज यांजकडे आली. अमेरिकन संशोधन विमाने अरबी समुद्रावर उडाली. छत्रीला बांधलेली उपकरणे विमानातून खाली सोडून हवेच्या थरांतील उष्णता व ओलावा टिपला गेला. वुड्स होल संस्थेचे अँड्र्यू बंकर यांनी विमानातूनच भोवऱ्यांची मापे घेण्याचा प्रयत्न केला. याच मोहिमेच्या प्रेरणेतून १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावल्याच्या टेकडीवर असलेली ही संस्था आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे.

मोहिमेची टिपणे हाती आल्यावर जो वाद उभा राहिला, तो आमच्या मते या विषयातील सर्वांत उद्बोधक खटला होय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ साली मुंबईच्या परिसंवादात आपला हिशेब मांडला. विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावर किती बाष्प येते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून किती आत शिरते, हे त्यांनी काढले. किनाऱ्यावरून जाणारे बाष्प फारच अधिक भरले. तेव्हा अधिकचे पाणी मधल्या अरबी समुद्रानेच दिले असले पाहिजे. आपला पाऊस बहुतांशी अरबी समुद्राचे देणे आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला.

याच्या उलट बाजूस पुरावे साचू लागले. १९६९ साली जॉन फिंडलेटर यांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत जमिनीपासून थोड्याच उंचीवर वाहणाऱ्या प्रचंड वायुझोताचे वर्णन केले. दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येणारा हा झोत अरबी समुद्रावरून भारताकडे वळतो. त्यापूर्वीच्या टिपणांत विषुववृत्तावरील हा अरुंद व वेगवान प्रवाह पुरता सापडलाच नव्हता. पुण्याच्याच संस्थेतील के. आर. साहा व बावडेकर यांनी १९७३ साली हिशेब पुन्हा केला, आणि बाष्पाचा मोठा वाटा विषुववृत्तापलीकडून येतो असे ठरविले. १९७३ च्या भारत-सोव्हिएत मोहिमेच्या मापांवरून घोष, पंत व देवन यांनी १९७८ साली पुन्हा अरबी समुद्राची बाजू उचलून धरली. फ्रान्सच्या कादे व रव्हर्डिन यांनी १९७५ च्या पावसाळ्याचा ताळा करून १९८१ साली सांगितले की, किनाऱ्यावर येणाऱ्या बाष्पापैकी सुमारे सत्तर टक्के दक्षिण गोलार्धातून व तीस टक्के अरबी समुद्रातून येते.

हे सारे कसलेले संशोधक होते. कोणीही आकड्यांशी लबाडी केली नाही. मग निकाल इतके उलटसुलट का? याचे उत्तर साध्या व्यवहारी गणितात आहे. समजा, किनाऱ्यावरून शंभर रुपये गेले आणि विषुववृत्तावरून साठ आले. मधल्या समुद्राने चाळीस दिले, असा निष्कर्ष निघेल. पण दोन्ही मापांत दहा टक्क्यांची चूक असू शकत असेल, तर किनाऱ्याचा खरा आकडा नव्वद आणि विषुववृत्ताचा सहासष्ट निघू शकतो. मग समुद्राचा वाटा चोवीसच. उलट दिशेने चूक झाली तर तो छप्पन्न होतो. दोन मोठ्या रकमांच्या वजाबाकीत लहान चुका अशा मोठ्या होतात. विषुववृत्ताच्या रेषेवर तेव्हा मोजणीची ठिकाणे बोटावर मोजण्याइतकी होती, आणि पावसाळा वर्षावर्षाला बदलतो तो वेगळाच. खटला न्यायाधीशांच्या पक्षपाताने लांबला नाही. साक्षीदार थोडे होते, एकमेकांपासून दूर उभे होते, आणि त्यांच्या मापांचा ताळा आपसांत कोणी घेतला नव्हता.

आज बहुतेक अभ्यासक दोन्ही वाटे मान्य करतात. मोठा हिस्सा दक्षिणेकडून येतो, अरबी समुद्र त्यात भर घालतो. पूर्वेकडील मुलखाला बंगालचा उपसागर पाणी पुरवितो. आणि ओली जमीन व झाडी पडलेल्या पावसातील काही भाग पुन्हा आकाशाला परत करतात.

शेजारी शेजारी उभे करणे

खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याची जुनी युक्ती म्हणजे साक्षीदारांस समोरासमोर आणणे. मापकांच्या बाबतीत हे प्रथम पद्धतशीरपणे केले गेले ते समुद्रावर नव्हे, तळ्यावर. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात हेफ्नर नावाचा तलाव आहे. त्यात येणाऱ्या व त्यातून जाणाऱ्या पाण्याचा जमाखर्च चोख ठेवता येतो. जे शिल्लक जुळत नाही ते उडून गेले असे धरता येते. १९५०-५१ साली तेथे घंगाळे, वाऱ्याचे व ओलाव्याचे मापक, उष्णतेचा ताळेबंद या सर्व रीती एकाच वेळी चालवून प्रत्येकीचे उत्तर तलावाच्या जमाखर्चाशी ताडले गेले. समुद्राला असा जमाखर्च नाही. म्हणूनच तळ्यावर पारखलेल्या रीतीच समुद्रावर नेणे शहाणपणाचे होते.

समुद्रावर मोठी पारख १९९२-९३ च्या हिवाळ्यात पश्चिम पॅसिफिकमध्ये झाली. ‘कोअर’ नावाच्या त्या मोहिमेत अमेरिकेचे ‘मोआना वेव्ह’, ऑस्ट्रेलियाचे ‘फ्रँकलिन’ अशी संशोधन जहाजे मुद्दाम शेजारी शेजारी आणून एकाच वाऱ्याची, एकाच पाण्याची मापे एकाच वेळी घेतली गेली. जेथे आकडे जुळेनात, तेथे चूक कोणाची ते शोधून दुरुस्ती केली गेली. समुद्राच्या दर चौरस मीटरमागे होणारी उष्णतेची एकूण देवघेव दहा वॅटच्या आत अचूक मोजावयाची, हे त्यांचे ध्येय होते. या पारखीतून निघालेली हिशेबाची रीत पुढे जगभर रूढ झाली.

दहा वॅट म्हणजे किती? पाण्याची वाफ होण्यास जी उष्णता लागते तिच्या मानाने पाहिल्यास, दहा वॅट म्हणजे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर. अरबी समुद्राचे क्षेत्र सुमारे साडेअडतीस लक्ष चौरस किलोमीटर आहे. त्यावर पसरलेले हे एक बोटभर पाणी एकत्र केले तर त्यात पैठणच्या जायकवाडी धरणासारखी तेरा धरणे काठोकाठ भरतील. आणि ही झाली उत्तमात उत्तम मापकांची क्षम्य चूक! जुन्या तक्त्यांतील चुका याच्या कितीतरी पट होत्या. ऑक्टोबर १९९४ ते ऑक्टोबर १९९५ या काळात वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी अरबी समुद्राच्या मध्यात, मोसमी वायुझोताच्या ऐन वाटेवर, उपकरणांनी सजविलेला बोया नांगरून ठेवला. पावसाळ्याची साक्ष त्याने जागेवर उभे राहून दिली. पुढे ती तक्त्यांशी व गणिती प्रतिरूपांशी ताडता असे दिसून आले की, भर मोसमात समुद्राला मिळणारी निव्वळ उष्णता त्यांनी सांगितल्याहून बरीच अधिक होती.

आपल्या देशाने हाच धडा बंगालच्या उपसागरावर गिरविला. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘बॉबमेक्स’ मोहिमेत ‘सागर कन्या’ व ‘सागरध्वनी’ ही दोन जहाजे उपसागरात होती. ‘सागर कन्ये’च्या नाळेपुढे दांडा काढून त्यावर जलद मोजणारी उपकरणे बसविली होती, की जहाजाच्या अंगाची बाधा शक्य तितकी टळावी. या मोहिमेने एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. मोठा पाऊस पडून गेल्यावर उपसागरावरील हवा दोन दिवसांच्या आत पुन्हा पावसाला सज्ज होते. जुलै-ऑगस्टात उपसागरात एकामागून एक न्यूनभाराची क्षेत्रे का उठतात, यावर त्यामुळे प्रकाश पडला. २००२ साली अरबी समुद्रावर ‘आर्मेक्स’ मोहीम निघाली. पश्चिम किनाऱ्यावरील अतिवृष्टीचा अभ्यास हा तिचा उद्देश. नेमका त्याच वर्षीचा जुलै कोरडा गेला; देशभरचा पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला, आणि त्याची आगाऊ सूचना कोणासही देता आली नव्हती. मापकांची साक्ष किती अपुरी आहे, हे याहून कठोर शब्दांत कोणी सांगावे?

पैनगंगेच्या काठी

आता आदिलाबादकडे परत वळू. त्या मुलखाला दोन्ही समुद्र पाणी देतात. सह्याद्रीवर बहुतेक ओझे टाकून आलेला पश्चिमेचा वारा आणि उपसागरावरून ओडिशा, छत्तीसगडमार्गे सरकत येणारी न्यूनभाराची क्षेत्रे, या दोहोंच्या मेळावर तेथील खरीप अवलंबून असतो. उपसागराने दोन दिवसांत पुन्हा तयारी केली की दोन आठवडे घेतले, यावर बेला गावच्या शेतकऱ्याची सरकी उगवते किंवा करपते. हा संबंध त्याला दिसत नाही. त्याला दिसतो तो दुकानदाराचा तगादा.

२०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनपासून आपल्याकडील दीर्घ मुदतीच्या अंदाजात समुद्र व वातावरण यांस एकत्र चालविणारी गणिती प्रतिरूपे महत्त्वाची झाली आहेत. अशा प्रतिरूपांचा प्राण म्हणजे या दोहोंमधील देवघेव. ती चुकीची धरली तर पुढचा सारा हिशेब शुद्ध असूनही उत्तर अशुद्ध येते. या कामी समुद्राची माहिती गोळा करणारे राष्ट्रीय केंद्र १९९९ साली हैदराबादेस स्थापन झाले. समुद्रापासून इतक्या दूर, तेलंगणाच्या खडकाळ पठारावर बसून अरबी समुद्र व उपसागर यांच्या बोयांची टिपणे वाचली जातात. काहींना हे विचित्र वाटते. आम्हांस त्यात समर्पकता दिसते. कारण समुद्राची बातमी कळण्याची सर्वांत अधिक निकड ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नाही अशांनाच असते.

येथे आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांस एक गोष्ट सांगावयाची आहे. उपग्रह वरून वाऱ्याचा वेग व पाण्याचे तापमान पाहतात. त्यांची व्याप्ती अफाट आहे. पण पाण्यालगतच्या हवेतील ओलावा त्यांना नीट दिसत नाही, आणि त्यांच्या आकड्यांची पारख अखेर बोयावर व जहाजावरच करावी लागते. प्रत्यक्ष साक्षीदार तोच. आणि हा साक्षीदार समुद्रात एकटा, रक्षकावाचून उभा असतो. बोयाच्या सावलीत मासे जमतात, म्हणून होड्या त्याला दोर बांधतात. जाळी त्याच्या साखळीत गुंततात. कधी सौरपत्रे व उपकरणे काढून नेली जातात. हे करणाऱ्यात वैरबुद्धी नसते. त्यालाही पोट आहे. मात्र त्या एका दोराने वायुवेगमापक वाकला, तर महिनाभराची साक्ष खोटी पडते किंवा बंदच होते. आमचे रापणकार व ट्रॉलरचे मालक दर्याला देव मानतात. नारळी पौर्णिमेस त्याला नारळ देतात. ज्या समुद्राची पूजा करावयाची, त्याच्या साक्षीदाराला अभय देणे हाही त्या पूजेचाच भाग समजावा. देवस्थानांच्या समित्यांनी उत्सवाच्या निमित्ताने हा विषय आपल्या सभेत काढावा, अशी आमची सूचना आहे. कायद्याच्या कलमापेक्षा देवळाच्या सभामंडपात सांगितलेला शब्द किनाऱ्यावर अधिक चालतो, हे वकिली पेशातील माणसास कबूल करणे भाग आहे.

कौटिल्याने अपरांताचा पाऊस मापाबाहेर ठरविला, त्यात त्याचे काही चुकले असे नाही. त्याच्या कुंडाची मर्यादा त्याने प्रामाणिकपणे सांगितली. हॅलेने आपल्या खोलीत वारा नाही हे सांगितले. ब्रुक्सने बादली व नळ समोरासमोर आणले. प्रत्येकाने आपल्या मापकाचा उणेपणा उघड केला, म्हणून मागून येणाऱ्यास एक पाऊल पुढे टाकता आले. आमच्या व्यवसायात ज्या साक्षीदाराला आपल्याला काय दिसले नाही हे सांगता येते, त्याच्यावर न्यायाधीश अधिक विश्वास ठेवतो. समुद्राच्या दरबारातही हाच न्याय चालतो. मृगाच्या पहिल्या सरीवर सरकी टोबावी की आठ दिवस थांबावे, या पैनगंगेकाठच्या प्रश्नाला आज मिळणारे उत्तर अजून अपुरे आहे. ते अधिक खरे व्हावयाचे असेल तर त्याची सुरुवात रत्नागिरी, वेंगुर्ले, काणकोण, कारवार या बंदरांतून निघणाऱ्या होड्यांनी वाटेतल्या बोयाला दोर न बांधण्यापासून व्हावयास हवी.